परदेशात तैनात असलेल्या भावाला खोका पाठवायचा आहे: काय पाठवावे आणि कसे?

निळी शाई यांचा प्रश्न

नमस्कार. माझा धाकटा भाऊ सैन्यात असून गेले चार महिने तो परदेशातील एका मोहिमेवर तैनात आहे. देश कोणता आणि पलटण कोणती हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही आणि कृपया कोणी विचारूही नये. तो गेल्यावर पंधराच दिवसांत मी त्याला पहिला खोका पाठवला. हौसेला मोल नसते म्हणतात, त्याप्रमाणे सुचेल ते त्यात भरले: चॉकलेटे, सुगंधी साबण, शाम्पूची मोठी बाटली, दोन जाडजूड पुस्तके, मोज्यांचे चार जोड, बदाम आणि माझ्या मुलीने मामासाठी स्केचपेनने काढलेले एक चित्र. खोका सात आठवड्यांनी पोहोचला. फोनवर तो म्हणाला, "ताई, सगळं नीट मिळालं, काही काळजी करू नकोस."

पुढे काही दिवसांनी त्याने स्वतःचा एक फोटो पाठवला. त्यात तो हसत उभा आहे आणि त्याच्या मागे दोरीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी, एक उघडे पुस्तक चिमट्यांनी लटकवलेले दिसते. खोदून खोदून विचारले तेव्हा कळले की शाम्पूची बाटली वाटेतच फुटली होती, चॉकलेट वितळून मोज्यांत मुरले होते, चित्रातले सगळे रंग एकमेकांत गेले होते आणि बदामांना साबणाची चव लागली होती. ते बदाम त्याच्या तंबूतल्या लोकांनी तरीही दोन दिवसांत संपवले, हे त्याने हसत हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही.

आता दुसरा खोका पाठवायचा आहे आणि या वेळी चूक करायची नाही. वस्तू कोणत्या निवडाव्यात, त्या कशा बांधाव्यात, पत्ता लिहिताना काय सांभाळावे आणि किती दिवसांनी पाठवावे, हे ज्यांनी असे खोके पाठवले आहेत किंवा ज्यांना ते मिळाले आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. आणखी एक गोष्ट मनात आहे. त्याच्याबरोबर असलेल्यांपैकी काहींना घरून काहीच येत नाही असे तो म्हणतो. त्यांच्यासाठीही काही पाठवणे योग्य दिसेल का?


जुनी पलटण यांचे उत्तर

ताई, मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. परदेशी मोहिमेवर असताना आमच्या तुकडीचे टपाल आणण्याचे काम काही महिने माझ्याकडे होते, त्यामुळे फुटलेल्या शाम्पूची मला पुरेपूर ओळख आहे. तुमच्या भावाने फोनवर खरे सांगितले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. घरच्यांनी एवढ्या मायेने पाठवलेल्या वस्तूंना कोणीही नावे ठेवत नाही. म्हणूनच "काय पाठवू?" असे विचारले तर "काही नको" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी "आत्ता तुझ्याकडचे काय संपत आले आहे?" असे विचारून पाहा. या प्रश्नाला माणूस खरे उत्तर देतो.

आधी पत्त्याचे बोलतो, कारण तिथे झालेली चूक पुढे कशानेही भरून निघत नाही. सैनिकाच्या पत्त्यात ठिकाणाचे नाव नसते आणि ते तसे नसण्यातच त्या पत्त्याचा अर्थ आहे. भारतीय सैन्याच्या पत्त्यात क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट यांच्यानंतर '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) एवढेच येते, गावाचा उल्लेख कुठेही नसतो. ब्रिटिश सैनिकाच्या पत्त्यात 'बीएफपीओ' (ब्रिटिश सैन्यदलांचे टपाल कार्यालय) आणि एक क्रमांक असतो. अमेरिकी सैनिकाच्या पत्त्यात शहराच्या जागी 'एपीओ' किंवा 'एफपीओ' (नौदलाचे टपाल कार्यालय) आणि राज्याच्या जागी दोन अक्षरांची खूण असते. असे टपाल आधी स्वतःच्याच देशातील लष्करी केंद्राकडे जाते आणि तेथून पुढचा प्रवास सैन्याच्या व्यवस्थेतून होतो. आपण शहाणपणा करून पत्त्याखाली देशाचे नाव लिहिले, तर खोका परदेशी नागरी टपालात शिरू शकतो आणि मग तो त्या देशाच्या कोणत्या गोदामात पडून राहील याचा नेम नाही. दिलेला पत्ता अक्षर न अक्षर तसाच उतरवावा, त्यात आपली भर घालू नये. तोच पत्ता एका कागदावर लिहून तो कागद खोक्याच्या आतही ठेवावा, कारण बाहेरचे लेबल पावसाने किंवा घासून निघून गेले तर खोका उघडणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

आता प्रवासाचे. खोका विमानात बसतो हे खरे, पण त्याच्या आधी आणि नंतर तो ट्रकमध्ये, उघड्या धावपट्टीच्या कडेला आणि पत्र्याच्या कंटेनरमध्ये कितीतरी दिवस बसून असतो. चॉकलेटमधले कोकोचे लोणी साधारण ३४ अंशांना वितळते आणि उन्हात तापलेल्या कंटेनरच्या आत त्याहून कितीतरी जास्त गरम होते. त्यामुळे तो उष्ण प्रदेशात असेल तर चॉकलेट, मेण, लिपस्टिकसारखी कांडी, जेलच्या गोळ्या हे सगळे विसरावे. थंडीच्या महिन्यांत चॉकलेट चालते, पण दोन्ही ठिकाणी थंडी असायला हवी. आपल्याकडे थंडी आहे एवढे पुरेसे नाही.

बांधण्याचा माझा नियम असा की खोका कमरेएवढ्या उंचीवरून तीनदा खाली टाकून पाहावा. तो तसा टाकला जाणारच आहे, मग पहिल्यांदा आपणच टाकलेला बरा. आत काही हलल्याचा आवाज आला तर परत उघडून रिकाम्या जागा भराव्यात. त्यासाठी चुरगळलेली वर्तमानपत्रे वापरण्यापेक्षा मोजे, हातरुमाल, छोटा टॉवेल वापरावा, म्हणजे भरणही होते आणि ते वाया जात नाही. पातळ पदार्थ शक्यतो पाठवूच नयेत. पाठवायचेच असतील तर लहान बाटली घ्यावी, झाकण उघडून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण पुन्हा घट्ट लावावे, वरून चिकटपट्टी फिरवावी आणि ती बाटली एकात एक अशा दोन पिशव्यांत ठेवावी. पिशव्या चेनच्या घ्याव्यात, कारण रिकाम्या झाल्यावर त्या पिशव्याच तिथे सगळ्यांत उपयोगी पडतात. धूळ आणि पाऊस यांपासून फोन, कागद, काड्यापेटी, जे काही असेल ते त्यातच राहते.

साबण आणि खाण्याच्या वस्तू एका खोक्यात घालू नयेत. पिशवीत बांधले तरी सात आठवड्यांत वास जातो म्हणजे जातोच. दोन वेगळे खोके करावेत किंवा साबण बिनवासाचा पाठवावा. कपडे धुण्याची पावडर किंवा टाल्कम पावडर पाठवू नये, ही सूचना बहुतेकांना सुचत नाही. डबा फुटला आणि खोक्याच्या कोपऱ्यातून पांढरी पावडर सांडू लागली, तर तो खोका बाजूला काढला जातो, तपासणी होते आणि त्याच्याबरोबर इतरांचेही टपाल अडकून पडते. आमच्याकडे एकदा असा प्रकार झाला. ज्याचा खोका होता त्याला पुढे महिनाभर सगळे 'पावडर' म्हणूनच हाक मारत होते.

बंदी असलेल्या वस्तूंचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला प्रकार विमानामुळे: लायटर, काड्यापेट्या, फवाऱ्याचे डबे, अत्तर, नखांचे रंग, सुटी लिथियम बॅटरी किंवा पॉवर बँक. या वस्तू कुठेही पाठवायच्या असल्या तरी अडचण येते. दुसरा प्रकार ज्या देशात तो आहे तिथल्या कायद्यामुळे आणि त्या मोहिमेच्या हुकमामुळे. १९९० साली आखातात अमेरिकी सैन्य गेले तेव्हा मद्य आणि अश्लील साहित्य यांवर बंदी घालणारा हुकूम निघाला, तो यजमान देशाच्या चालीरीती सांभाळण्यासाठीच होता. अमेरिकी लष्करी टपालात तर प्रत्येक पत्त्याच्या क्रमांकासमोर निर्बंधांची सांकेतिक अक्षरे दिलेली असतात, त्यामुळे एका तळावर चालणारी वस्तू शेजारच्या देशातल्या तळावर चालत नाही. डुकराचे मांस असलेले पदार्थ, तंबाखू, ताजी फळे, बिया यांबाबतीत विशेष जपावे. यादी बदलत असते, म्हणून दर वेळी पाठवण्यापूर्वी टपाल खात्याकडून ताजी यादी विचारून घ्यावी. मागच्या वेळी गेले म्हणून या वेळी जाईल असे धरून चालू नये.

सीमाशुल्काच्या फॉर्मवर 'भेटवस्तू' एवढेच लिहून भागत नाही. 'मोजे, ४ जोड, पुस्तक, १, खेळण्याचे पत्ते, १ संच' असे स्पष्ट लिहावे. कंटाळवाणे काम आहे, पण मोघम लिहिलेला खोकाच आधी उघडला जातो.

वस्तूंबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते तुमचा भाऊच अधिक चांगले सांगेल. मोजे कितीही चालतात. ओले रुमाल, ओठांना लावायचे मलम, पायांना लावायचे मलम, सुईदोरा, कानात घालायचे बोळे, पाण्यात विरघळणारी सरबताची पाकिटे हे सगळे संपणारे सामान आहे आणि संपणारे सामान पाठवणे नेहमी चांगले. उशीचा अभ्रा, शोभेची वस्तू, जाडजूड पुस्तके यांचे त्याला पुढे ओझे होते. हलण्याचा हुकूम आला की त्याला आपले सगळे सामान स्वतःच्या पाठीवर घ्यायचे असते. त्या वेळी काय टाकायचे हे ठरवताना घरून आलेली वस्तू टाकवत नाही आणि नेववतही नाही. पुस्तक पातळ पाठवा, वाचून झाले की ते दुसऱ्याला देता येईल असे.


उंबरठा यांचे उत्तर

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु मला एक मूलभूत शंका आहे. आजकाल मोठ्या तळांवर दुकान असते, इंटरनेट असते, रोज नाही तरी आठवड्याला बोलणे होते. मग सात आठवडे प्रवास करून, वितळून आणि फुटून पोहोचणाऱ्या वस्तूंचा एवढा खटाटोप कशासाठी? त्याच्या खात्यात पैसे टाकले तर तो हवे ते तिथेच घेईल. मी हे खोडसाळपणाने विचारत नाही. माझा चुलतभाऊ अशाच एका तळावर होता आणि त्याने आम्हाला स्पष्टच सांगितले होते की काही पाठवू नका.


दोन वेण्या यांचे उत्तर

उंबरठा, तुमच्या चुलतभावाचे म्हणणे त्याच्यापुरते खरे असेल. मोठ्या तळावर दुकान असते हे मलाही मान्य आहे. पण माझे यजमान ज्या ठाण्यावर होते तिथे दुकान नव्हते, आणि तळावरून ठाण्याकडे जे काही जायचे ते पाणी, इंधन आणि दारूगोळा यांच्यानंतर उरलेल्या जागेतून जायचे. परदेशात तैनात म्हटले की एकच चित्र डोळ्यांसमोर आणू नये. त्यामुळे ताईंनी आधी भावाला एवढेच विचारावे की जवळ दुकान आहे का आणि तिथे काय मिळत नाही. तिथे मिळणारी वस्तू येथून पाठवणे खरोखरच व्यर्थ आहे.

जुनी पलटण यांनी बांधणीचे सगळे सांगितले आहे, म्हणून मी वेळापत्रकाचे सांगते. मी दोन वर्षांच्या काळात एकूण एकोणीस खोके पाठवले. त्यांतला तिसरा दुसऱ्याच्या आधी पोहोचला आणि दुसऱ्यातल्या पत्रात मी सासूबाईंच्या शस्त्रक्रियेची तारीख कळवली होती. म्हणजे शस्त्रक्रिया छान झाली हे त्यांना आधी कळले आणि ती होणार आहे हे पंधरा दिवसांनी. तेव्हापासून मी प्रत्येक खोक्यावर, आतल्या पत्रावर आणि माझ्या वहीत एकच क्रमांक टाकू लागले. मग त्यांना कळू लागले की मधला एक अजून वाटेत आहे, आणि कोणता पोहोचलाच नाही हेही आम्हा दोघांना समजू लागले. वहीत आत काय होते त्याची यादी ठेवावी, कारण हरवलेल्या खोक्याची तक्रार करताना आपल्याला त्यातले निम्मेही आठवत नाही.

मोठा खोका तीन महिन्यांनी एकदा पाठवण्यापेक्षा लहान खोका तीन आठवड्यांनी पाठवावा. लहान खोका हरवला तर थोडेच जाते, तो उचलायला सोपा असतो आणि ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत तो कोपऱ्यात कुठेही बसतो. मोठा खोका मात्र 'पुढच्या फेरीला बघू' म्हणून मागे राहतो. सणासुदीच्या किंवा वर्षअखेरच्या आधी टपालाचा पूर येतो, म्हणून त्या दिवसासाठीची वस्तू आपल्याला विचित्र वाटेल इतक्या आधी पाठवावी. बहुतेक देशांच्या लष्करी टपालाकडून अशा वेळी शेवटच्या तारखा जाहीर होतात. त्या तारखेला नव्हे, तर तिच्या दोन आठवडे आधी टपालात टाकावे.

आणि थांबावे कधी, हे कोणी सांगत नाही. परतीची चाहूल लागली की साधारण दीड महिना आधीच खोके बंद करावेत. माझा शेवटचा खोका यजमान घरी आल्यानंतर तिथे पोहोचला, तेथून परत फिरला आणि चार महिन्यांनी आमच्याच दारात आला. तो त्यांनी स्वतः सही करून घेतला. आतली सरबताची पाकिटे दगड झाली होती. परतीची तारीख मात्र खोक्यातल्या पत्रात किंवा अशा ठिकाणी कधीही लिहू नये, ही सूचना तुम्ही पाळत आहातच.

वस्तूंच्या जोडीला हाताने लिहिलेले पत्र हवेच. फोनवर बोलणे होते हे खरे, पण फोन लागतो तेव्हा मागे रांग उभी असते, आवाज तुटतो, आणि दोघेही सगळे ठीक आहे असे सांगण्यातच वेळ घालवतात. पत्र तो त्याच्या सोयीने वाचतो. काय लिहावे असा प्रश्न पडत असेल तर घरातल्या क्षुल्लक गोष्टीच लिहाव्यात: नळ कसा गळत होता आणि तो कोणी दुरुस्त केला, शेजाऱ्यांशी कशावरून वाद झाला, भाचीच्या कोणत्या दाताने जागा सोडली. मोठ्या बातम्या फोनवर कळतातच.


धूळखात यांचे उत्तर

मी सैन्यात नव्हतो आणि माझ्या घरातूनही कोणी गेलेले नाही. मला जुन्या टपालाचा नाद आहे, म्हणून या चर्चेत थोडी भर घालण्याचे धाडस करतो. या खोक्यांच्या अडचणी शंभर वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत.

पहिल्या महायुद्धात आघाडीवर जाणारे ब्रिटिश टपाल वेगळे करण्यासाठी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये एक प्रचंड लाकडी इमारत उभारली होती. युद्धाच्या काळात तेथून सुमारे २०० कोटी पत्रे आणि ११ कोटी ४० लाख पार्सले हाताळली गेली आणि तिथे काम करणाऱ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या. १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरी हिच्या नावाने सैनिकांना पितळेची एक चपटी डबी भेट देण्यात आली. त्या डबीत कोणासाठी काय ठेवायचे याचा विचार त्या काळच्या मानाने बारकाईने केला होता. धूम्रपान करणाऱ्यांना तंबाखू आणि सिगारेटी मिळाल्या, न करणाऱ्यांना आंबट गोळ्या आणि लिहिण्याचे साहित्य मिळाले, तर फ्रान्समधल्या परिचारिकांना चॉकलेट. शीख सैनिकांसाठी सिगारेटींऐवजी खडीसाखर आणि मसाल्यांची डबी होती. 'घेणाऱ्याला काय चालते ते आधी पाहा' हा जुनी पलटण यांचा मुद्दा तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आला होता. डबी पितळेची असल्याने ती टिकली, आणि आतले संपल्यावर सैनिकांनी तिच्यात आपले कागद, फोटो, सुया ठेवल्या. वर चेनच्या पिशव्यांचे कौतुक वाचले तेव्हा मला हीच डबी आठवली.

दुसरे उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटचे आहे. १९४५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेची ६८८८ वी टपाल बटालियन इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पोहोचली. तिच्यात सुमारे ८५५ स्त्रिया होत्या, त्यांतील बहुतेक सर्व कृष्णवर्णीय होत्या आणि मेजर चॅरिटी ॲडम्स त्यांच्या प्रमुख होत्या. तिथल्या गोदामांत न पोहोचलेल्या टपालाचे ढीग छताला टेकले होते आणि त्यांत घरून आलेले केक आणि बिस्किटे सडून उंदीर झाले होते. साचलेल्या टपालाचा आकडा १ कोटी ७० लाखांपर्यंत सांगितला जातो. या स्त्रियांनी तीन पाळ्यांत काम करून, सहा महिन्यांचे काम तीन महिन्यांत संपवले. त्यांची खरी अडचण पत्त्यांची होती, कारण सैनिक सतत जागा बदलत होते आणि एकाच नावाचे लोक हजारोंनी होते. केवळ रॉबर्ट स्मिथ या नावाचे ७,५०० सैनिक होते असे नोंदवलेले आहे. कित्येक पाकिटांवर तर फक्त पहिले नाव किंवा टोपणनाव होते. सैनिकी क्रमांक न विसरता लिहावा, याला एवढे कारण पुरे आहे. या बटालियनला अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक २०२२ साली मंजूर झाले, म्हणजे ७७ वर्षांनी.

एक गंमत सांगून मूळ विषयाकडे येतो. इंग्रजीत अशा खोक्याला जे 'केअर पॅकेज' म्हणतात, ते नाव सैनिकांसाठीच्या खोक्यांवरून आलेले नाही. १९४५ साली 'केअर' नावाची संस्था स्थापन झाली, ती युद्धाने होरपळलेल्या युरोपातील नागरिकांना अन्न पाठवण्यासाठी. तिचे पहिले खोके १९४६ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरले आणि त्यांत सैनिकांसाठी तयार केलेली, पण युद्ध संपल्यामुळे उरलेली शिधापाकिटे होती. म्हणजे आधी सैन्याकडून नागरिकांकडे गेलेली वस्तू नंतर उलट दिशेने जाऊ लागली आणि नाव तेच राहिले.

आता ताईंच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, कारण त्याचे कोणी अजून उत्तर दिलेले नाही. ओळख नसलेल्या सैनिकाला नावाशिवाय खोका पाठवण्याची चाल बऱ्याच देशांत होती. अमेरिकेत 'कोणत्याही सैनिकासाठी' अशा पत्त्याने टपाल जात असे, पण २००१ साली अँथ्रॅक्स या घातक रोगाचे जंतू भरलेल्या पाकिटांचे प्रकरण झाल्यावर तेथील संरक्षण खात्याने ती सोय बंद केली. ब्रिटनमध्येही अनोळखी लोकांनी पाठवलेल्या खोक्यांमुळे घरच्यांचे टपाल मागे राहते म्हणून तसे न करण्याचे आवाहन केले गेले. त्यामुळे भावाच्या सोबत्यांसाठी वेगळे, त्यांच्या नावाने खोके पाठवू नयेत असे मला वाटते. त्यांना ते संकोचाचेही होईल.


जुनी पलटण यांचे उत्तर

धूळखात यांनी उंदरांचे लिहिले ते वाचून बरे वाटले, म्हणजे आमच्याच काळात ते झाले नाहीत तर!

सोबत्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे योग्य आहे. फक्त एक भर घालतो. टपाल आले की आमच्याकडे नावे पुकारली जात. ज्यांना काही येणार नसे ते त्या वेळी जनरेटरला तेल घालायला किंवा पाणी भरायला निघून जात, कोणी न सांगता. मी यादी वाचणारा असल्याने मला ते दर वेळी दिसायचे. त्यांच्यापैकी एकाच्या नावाने अनोळखी घरून खोका आला होता. त्याने तो घेतला, आभार मानले आणि न उघडता खाटेखाली सरकवून ठेवला. पण दुसऱ्याच्या खोक्यात पत्त्यांचा संच निघाला की खेळायला चौघे लागतातच आणि तेव्हा तोच माणूस आपणहून येऊन बसायचा. म्हणून वस्तू वाटून घेता येतील अशा मोजून पाठवा. एक मोठे पाकीट पाठवण्यापेक्षा आठ लहान पाकिटे बरी. मोठे पाकीट एकदा उघडले की ते खोका ज्याच्या नावाने आला त्याचेच राहते आणि लहान पाकिटे सहज हातोहात जातात.

उंबरठा यांच्या पैशांच्या मुद्द्याबद्दल माझे मत असे आहे की तळावर दुकान असेल तर तेही करावे. त्यात वाईट काही नाही. मात्र तळावरच्या दुकानातून घेतलेल्या मोज्यांवर मी कधी कोणाला नाव लिहिताना पाहिले नाही, घरून आलेल्या मोज्यांवर सगळेच लिहीत.


उंबरठा यांचे उत्तर

मान्य. मोज्यांचा मुद्दा मला सुचला नव्हता. चुलतभावाला आज पुन्हा विचारतो की काही नको असे तो खरेच म्हणत होता की आम्हाला खर्चात पाडायचे नाही म्हणून.


निळी शाई यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भावाशी बोलले आणि "काय संपत आले आहे?" असेच विचारले. दोन क्षण थांबून त्याने सांगितले की पायांचे मलम संपले आहे, शिवणाचा काळा दोरा संपला आहे आणि तंबूत चौघांमध्ये नखे कापायचे एकच यंत्र आहे. चार महिन्यांत त्याने मला हे सांगितले नव्हते. जवळ दुकान आहे, पण तिथे या तिन्ही वस्तू मिळत नाहीत.

त्यामुळे दुसरा खोका असा ठरला आहे: मलमाच्या चार लहान नळ्या, दोरा आणि सुया, नखे कापायची चार यंत्रे, मोज्यांचे सहा जोड, सरबताची वीस छोटी पाकिटे, पत्त्यांचे दोन संच, एक पातळ पुस्तक आणि रिकाम्या चेनच्या पिशव्यांचे एक बंडल. चॉकलेट नाही, साबण नाही, शाम्पू अजिबात नाही. यजमान देशाची बंदीची यादी टपाल कार्यालयातून आणली आहे आणि नखे कापायची यंत्रे चालतील का हे मुद्दाम विचारून घेतले आहे, चालतात. जुनी पलटण यांच्या सांगण्याप्रमाणे खोका तीनदा खाली टाकला. पहिल्यांदा आत खडखडले, ती सुयांची डबी होती. ती मोज्यात गुंडाळून पुन्हा टाकला, तेव्हा आवाज आला नाही. तिन्ही वेळा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन काय पडले म्हणून विचारले, ते वेगळे.

बाहेर आणि पत्रावर '२' असा क्रमांक टाकला आहे आणि वहीत यादी लिहून ठेवली आहे. पत्रात नळ गळत असल्याचे लिहिले आहे, कारण तो खरोखरच गळत आहे.

मुलगी मामासाठी पुन्हा चित्र काढत आहे. या वेळी तिला स्केचपेन दिलेले नाही. ती पेन्सिलने काढत आहे आणि रंग नाहीत म्हणून रुसली आहे, तेव्हा कोणत्या रंगाची जागा कुठे आहे ते तिने चित्रातच बाण काढून लिहायला घेतले आहे.